गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे

मुंबई किंवा साताऱ्याची मॅरेथॉन जवळ आली की एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागतो. गुडघ्यातली गादी टायरसारखी झिजते, म्हणून चाळिशीनंतर धावू नये. गुडघा दुखला तर ‘वंगण संपले’ असे समजून पूर्ण विश्रांती घ्यावी. आणि बैठका कायमच्या बंद कराव्यात, असा त्याचा आशय असतो. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो हे मान्य, पण तो ऐकून चांगली हिंडती-फिरती माणसे घरात बसतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

टायरची उपमा मुळातच चुकीची आहे. टायर निर्जीव असतो, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ही गादी, जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात; पाऊल टेकताना पडणारा दाब आणि उचलताना सुटणारा दाब यांमुळे सांध्यातला द्रव तिच्यात ये-जा करतो आणि त्यातूनच तिला पोषण मिळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात खुबा व गुडघा यांच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणे सोडतात, त्यामुळे धावण्याने संधिवात टळतो असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. पण हौशी धावणाऱ्यांचे गुडघे आधी निकामी होतात, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

वयाच्या मुद्द्यावर थोडक्यात एवढेच, की स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सरासरी अठ्ठावन्न वर्षांच्या ४५ धावपटूंची व ५३ इतरांची १९८४ ते २००२ अशी तुलना केली, तेव्हा धावपटूंच्या गुडघ्यांत संधिवात अधिक आढळला नाही. अभ्यास लहान होता, पण काळ दीर्घ होता.

विश्रांतीचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. धावणाऱ्याचा गुडघा दुखतो तो बहुधा सराव एकदम वाढवल्यामुळे. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढण्याचीच धास्ती असते. प्रत्यक्षात उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरत असतात, आणि केवळ सपाट रस्त्यावर सराव केलेल्या माणसाला तो भार नवा असतो. अशा वेळी जाणकार फिजिओथेरपिस्ट धावणे सरसकट थांबवत नाही. तो अंतर कमी करतो, उतार काही दिवस वगळतो आणि मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करतो. धावताना होणारे किरकोळ दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर भार सोसवतो आहे असे समजतात; वाढत असेल तर तो कमी करतात. महिनाभर स्वस्थ बसल्यास हेच स्नायू दुबळे होतात, आणि परतल्यावर तेवढेच अंतर गुडघ्याला अधिक जड जाते. मात्र गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना अचानक दगा देऊ लागला, तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

राहिल्या बैठका. तालमीत जोर-बैठका काढून पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडले, ते मांडीचे बळ गुडघ्यालाही आधार देते. दुखऱ्या गुडघ्याने लगेच खोल बैठक मारू नये, हे खरे. त्याने खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करावी आणि दुखणे वाढत नसेल तसतशी खोली वाढवावी.