कुत्री-मांजरं छपरावरच राहू द्या

भाची नर्स आहे. इंग्लंडला जायचंय म्हणून ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय. काल तिचा मेसेज आला, "मावशी, हे सगळं पाठ करू का?" खाली तोच फॉरवर्ड: 'इंग्रज लोक रोज बोलतात ते २५ वाक्प्रचार. पाठ करा, तिथे कुणी तुम्हाला परकं समजणार नाही!' आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसले. आता नाही.

पहिला मान 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ला, म्हणजे धो धो पावसाला. म्हणे, पूर्वी गवती छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. लिहिणाऱ्याने गवताने शाकारलेलं घर कधी पाहिलेलं दिसत नाही. मांजराचं एक वेळ सोडा, कुत्रा कशाला छपरावर चढेल? 'मुसळधार' म्हणताना आपण आभाळात मुसळं शोधतो का? आणि 'रोज बोलतात' म्हणाल, तर बड्या लोकांच्या बैठकीतल्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारं एक पुस्तक 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाल्या जोनाथन स्विफ्टने १७३८ साली काढलं, त्यातल्या संवादात हे कॅट्स अँड डॉग्ज आहेत. तेव्हाच थट्टेचा विषय झालेलं वाक्य हे लोक २१व्या शतकात पाठ करायला सांगतायत. पावसात अडकलेला इंग्रज साधं 'इट्स पोरिंग' म्हणतो.

पण माझं डोकं फिरलं ते नवव्या क्रमांकावर. 'किक द बकेट', अर्थ: 'निधन होणे'. निधन! फ्रान्सिस ग्रोझच्या १७८५च्या कोशात हा वाक्प्रचार आहे, आणि तो कोश होता बाजारू, रांगड्या बोलीचा. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश आजही त्याच्यापुढे 'अनौपचारिक किंवा विनोदी' असा शेरा देतो. आपल्याकडचा 'गचकला', दुसरं काही नाही. उद्या वॉर्डात रात्री तीन वाजता एखाद्या बाईचा नवरा गेला आणि आमच्या पोरीने हे पाठ केलेलं तिला ऐकवलं तर? "सॉरी मॅडम, तुमचे मिस्टर गचकले." 'डाइड' हा सरळ शब्द असताना ही बादली कशाला लाथाडायची?

'बॉब्स युअर अंकल' (म्हणजे 'की झालं काम!') अमेरिकेतही सर्रास चालतं, असंही यादीत म्हटलंय. तिथे म्हणून बघा, समोरचा विचारेल कोण हा बॉब.

बरं, यादी सगळीच टाकाऊ नाही. 'पीस ऑफ केक' (अगदी सोपं काम), 'वन्स इन अ ब्लू मून' (क्वचित कधीतरी) खरंच कानावर पडतात. कॅट्स अँड डॉग्जही एखाद्या म्हाताऱ्या पेशंटच्या तोंडून येतील, तेव्हा अर्थ ठाऊक असलेला बरा. एवढं मान्य.

भाचीला कळवलं: वाचून ठेव, पाठ करू नकोस. तिचं उत्तर आलं, "अगं पण क्लासच्या सरांनीच पाठवलंय. शनिवारी टेस्ट आहे यावर."