एका रफाराची फाईल

शिक्षणाधिकारी झालात? अभिनंदन. लोकसेवा आयोगातून थेट आला असाल किंवा खालच्या खुर्च्या उबवत उबवत बढतीनं आला असाल, आता एकच व्रत घ्या. निवृत्तीपर्यंत आपल्या सहीनं काही घडता कामा नये. गेले पाच महिने अशाच एका कार्यालयाच्या बाकावर बसून मी हे शास्त्र शिकलोय. फी लागत नाही, चहाचे पैसे तेवढे आपले.

आधी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. साहेब कायम व्हीसीत असावेत. व्हीसी नसेल तर दौऱ्यावर, दौरा नसेल तर जिल्हा परिषदेच्या 'सीईओ साहेबांकडे'. शिपायाकडून एवढी तीन उत्तरं पाठ करून घ्या, अर्धी नोकरी निघून जाते.

अतिरिक्त पदभार मागून घ्या. मग प्रत्येक टेबलावर 'मी मूळचा इथला नाही' म्हणायची सोय होते.

खुलासा मागवा. रोज. कुणाचाही.

मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी अकराला एक्सेल शीट टाका: 'अतितात्काळ, आज दुपारी दोनपर्यंत'. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर आधीच भरलेली माहितीच पुन्हा मागा, आणि खाली 'माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे' हे विसरू नका. दोनशिक्षकी शाळेत गुरुजी मोबाइल घेऊन रेंज शोधत अंगणात फिरतील, वर्गात मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहील. गुणवत्ता अशीच वाढते.

वरून येईल त्याला 'स्तुत्य उपक्रम' म्हणा. पुस्तकात वहीची कोरी पानं घातली, स्तुत्य. दोन वर्षांत काढली, स्तुत्य. २०२४ ला 'एक राज्य एक गणवेश' आला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं. पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जून संपायच्या आत मागे घेतला. तुम्ही दोन्ही वेळा फक्त 'माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी' असं लिहून पुढं ढकललंत. शाबास.

आता खरी विद्या. त्रुटी.

माझ्या मुलीचं नाव कीर्ती. पहिलीत दाखल करताना जनरल रजिस्टरात ते 'कीती' असं उतरलं. रफार राहिला. हजेरी झाली की मागच्या बाकावरून 'किती? किती?' सुरू व्हायचं, ते तिनं नववीपर्यंत सहन केलं. मग विद्यार्थ्यांचा अपार आयडी हा ओळख क्रमांक काढायला गेलो तर आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळेना. मुख्याध्यापक म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड करायची आम्हाला मुभा नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि दहावीचा फॉर्म भरायच्या आत आणा, शाळा सोडल्यावर आणखी अवघड जाईल. प्रस्ताव गेला.

पहिली त्रुटी: जन्मदाखल्याची प्रत साक्षांकित नाही. केली. तीन आठवड्यांनी दुसरी: पालकाचं प्रतिज्ञापत्र नाही. दिलं. महिन्यानं तिसरी, आणि ही खास जपून ठेवण्यासारखी आहे. चूक पहिलीत झाली, म्हणून फाईल प्राथमिक विभागाची. प्राथमिकवाले म्हणाले, मुलगी आता नववीत आहे, फाईल माध्यमिकची. दोन्ही दारांच्या मध्ये पाण्याचा एक कूलर आहे, नळ गळका. माझी फाईल त्या कूलरला किती प्रदक्षिणा घालून आली ते मोजायचं मी सोडून दिलं. तर नवीन साहेब, लक्षात ठेवा: त्रुट्या कधीही एकदम सांगायच्या नाहीत. एका खेपेला एक. माणूस थकला पाहिजे, फाईल नव्हे.

चौथ्या वेळी तर लेखी पत्र आलं. 'प्रस्तावातील तृटी पुर्ण करुन फेरसादर करावा.' तृटी. पुर्ण. करुन. एका ओळीत तीन चुका, खाली शिक्षण विभागाचा गोल शिक्का आणि लफ्फेदार सही. आणि हे लोक माझ्या मुलीचा रफार तपासणार!

बरं, खातं मुळातच संथ असतं तर नशीब म्हटलं असतं. पण याच खात्यात बोगस शिक्षकांना पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी देऊन पगार काढल्याचं प्रकरण २०२५ मध्ये नागपुरात बाहेर आलं, अटक उपसंचालकापर्यंत पोचली. डिसेंबर २०२१ मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी उचललं. तिथल्या कागदांना नाही हो कधी त्रुटी निघाली? तिथं नाही लागलं साक्षांकन? का तिथल्या फायलींना कूलर आडवा येत नाही?

जाऊ द्या ते धडेबिडे. आता सरळच बोलतो. तुमच्या केबिनबाहेर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा फलक आहे, आणि त्याच्यापुढं तुम्ही कपाट लावून ठेवलंय. 'अधिनियम' एवढाच शब्द दिसतो. त्याच कपाटाशेजारी परवा एक निवृत्त बाई उभ्या होत्या, पेन्शनच्या कागदासाठी. आयुष्यभर फळ्यापुढं उभ्या राहून गुडघे गेलेत त्यांचे. त्या आठव्यांदा आल्या होत्या आणि तुमचा क्लार्क मान वर न करता त्यांना 'थांबा जरा' म्हणाला. बसा नाही म्हणाला. तुम्ही दारातून बाहेर आलात, त्यांच्याकडे बघितलंत आणि गाडीत जाऊन बसलात. लाज वाटायला हवी होती तुम्हाला. पगार शिक्षणाचा घेता ना? एका शिक्षिकेला साधी खुर्ची देता येत नाही, एका पोरीच्या नावावर एक रफार देता येत नाही, मग दिवसभर त्या केबिनमध्ये करता काय?

शुक्रवारी आदेश आला. विद्यार्थिनीचे नाव 'किर्ती' असे दुरुस्त करण्यास मान्यता देण्यात येत आहे.

रफार आला. वेलांटी चुकली. मुख्याध्यापक आदेशाचा कागद हातात धरून मला विचारत होते, आता हेच चढवू का रजिस्टरात?

सोमवारी येतोय साहेब. व्हीसीबिव्हीसी सांगू नका.