पाव, पुण्य आणि तलावपाळी

आज संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर घरी जाण्याआधी बऱ्याच दिवसांनी ठाण्याच्या तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी टेकले. दहा मिनिटे नुसते पाणी पाहावे, एवढाच हेतू होता. तेवढ्यात शेजारी एक कुटुंब आले, त्यांनी पिशवीतून पावाच्या लाद्या काढल्या आणि तुकडे करण्याचीही तसदी न घेता त्या मासुंद्यात सोडल्या. पाठोपाठ रिकामी प्लास्टिकची पिशवीही गेली. मी हटकल्यावर त्यातल्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो ताई, माशांना घालतोय, पुण्याचं काम आहे."

मला बाबा आठवले. मी तिसरीत असताना एका रविवारी इथेच भेळ खाऊन झाल्यावर मी पुडीचा कागद पाण्यात भिरकावला होता. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. कठड्यावरून वाकून त्यांनी हात लांबवून पाहिला, कागद हाती लागेना, तेव्हा ते होडीवाल्याकडे गेले, त्यांनी आम्हा तिघांचे पैसे मोजले आणि होडी थेट त्या कागदापाशी न्यायला सांगितली. कागद निघाला, होडी वळली. आमच्या लहानपणातला तो एकमेव नौकाविहार.

पुण्याचेच म्हणाल तर मासुंदा हे साचलेले पाणी आहे, त्यात पडलेले तिथेच कुजते. पाव कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांवर शेवाळ माजते. दिवसा ते शेवाळ प्राणवायू देते खरे, परंतु रात्री तेही तो शोषून घेते, म्हणूनच अशा तळ्यांत मेलेले मासे बहुधा पहाटे तरंगताना दिसतात. म्हणजे ज्यांना जेवू घातले त्यांनाच गुदमरवायचे आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचे! कौपिनेश्वराचे देऊळ हाकेच्या अंतरावर आहे, पुण्याची एवढी घाई असेल तर तिथे जावे.

एका लादीने तळे मरत नाही, हे मान्य. मासे वर आलेले पाहून मुले हरखतात, हेही मान्य. पण असे एकच कुटुंब येते, असे का तुम्हाला वाटते?

गणपतींसाठी कृत्रिम तलाव आले, तेव्हाही पुण्याचाच प्रश्न निघाला होता. ठाणेकरांनी ते स्वीकारले, आणि बाप्पा काही रुसले नाहीत. मग चार पावांसाठी एवढा हट्ट कशाला? या गावात एके काळी साठेक तळी होती असे सांगतात. आता पस्तीसच्या आसपास उरली आहेत, आणि तरीही 'तलावांचे शहर' म्हणून मिरवताना आपल्याला जरासुद्धा संकोच वाटत नाही.

एकीकडे १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन, काठावरच पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आणि मध्ये हे एवढेसे पाणी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, तेव्हापासून इथला माणूस दमूनच घरी येत असावा. त्याला घर आणि फलाट यांच्यामध्ये कोणी काही विचारत नाही अशी जागा लागते, आणि ती ही आहे. दिवाळी पहाटेला इथे पाय ठेवायला जागा नसते, तो सोहळा मलाही आवडतो. पण माझी तलावपाळी म्हणजे एरवीची, कोणी न बोलता बसलेली, बाबांनी चप्पल काढून पाय सैल सोडल्यावरची.

हे लिहिता लिहिता राग ओसरला आहे, आणि एक गोष्ट टोचू लागली आहे. मी त्या बाईंवर एवढ्या चढ्या आवाजात बोलले, की त्यांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा आईच्या ओढणीमागे लपला. बाबांनी मला एका शब्दाने दुखावले नव्हते. होडीच्या तिकिटाची खिडकी आजही उघडी होती, पर्समध्ये पैसेही होते. मी मात्र प्राणवायूचे शास्त्र ऐकवून तावातावाने निघाले, शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि तिथेच ही पोस्ट लिहायला घेतली. पिशवी अजून पाण्यातच आहे.