काठावरचा गाळ राहिलाच

‘समुद्रापेक्षा तलाव बरा, पाणी शांत असतं’ हे गरवण्यावरच्या, म्हणजे गळाने मासे धरण्यावरच्या, लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मे महिन्यात आमच्या सावंतवाडीकडे धरणाचं पाणी खाली गेलं की काठ वरून तडकलेला दिसतो, आत मात्र लोण्यासारखा गाळ. गेल्या वर्षी अडकलेली गरी (गळाचा आकडा) सोडवायला दोन पावलं पुढे गेलो आणि मांडीपर्यंत रुतलो. चुलतभावाने बांबू पुढे केला म्हणून सुटलो. एक चप्पल अजून तिथेच आहे!

भर दुपारी गरवून मासा लागत नाही, हे मात्र खरं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मासा सुस्तावतो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम 7.5. आणि वळवाचा गडगडाट ऐकू आला की कार्बनचा रॉड (गळाची काठी) आधी खाली ठेवा, त्यातून वीज वाहते. वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचाच समजून लोक बिनधास्त उभे असतात.