शून्य नंबरचा ब्रश

सकाळी साडेसात ते नऊ ही माझी चित्राची वेळ. उजेड मऊ असतो, हात ताजा असतो. जलरंगात आकाशाचा कागद एकदा ओला केला की वाळायच्या आत काम उरकावं लागतं. मध्येच उठलात तर अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरतं आणि आकाशात कुरळ्या कडेचा फ्लॉवरचा गड्डा उगवतो. पुसायला जावं, तर शेजारी दुसरा.

नेमकी हीच वेळ आमच्या भोपळ्याच्या वेलाचीही.

वेल आईने लावला. सुरुवातीला नुसतीच नर फुलं. मादी फूल ओळखू येतं ते पाकळ्यांखालच्या सुपारीएवढ्या भोपळ्यावरून. ते पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं. तेवढ्यात पराग पोचला नाही तर सुपारी पिवळी पडून गळते. मधमाश्या आमच्याकडे फिरकेनात. आईने घरात नजर टाकली. तिला रिकामा माणूस एकच दिसला, आणि त्याच्या हातात आयता ब्रश होता.

"अरे, मादी फुललीय! ब्रश घेऊन ये लवकर!"

शेजाऱ्यांनी याचा काय अर्थ लावला, ते मी अजून विचारलेलं नाही.

"आई, आकाश ओलं आहे."

"आकाश उद्याही असेल. फूल नसेल."

यावर काय बोलणार? गेलो. शून्य नंबरचा सेबल ब्रश, ज्याने मी पक्ष्यांच्या चोची काढतो, तो नर फुलात गोल फिरवला. टोकाला चिकट पिवळी भुकटी आली. (असा पिवळा माझ्या पॅलेटवर नाही, हे जळफळत मान्य करतो.) मग मादी फुलाच्या मधल्या गुबगुबीत भागावर हलकेच टेकवला. आई कानाशी म्हणाली, "सगळीकडे लाव. कंजुषी नको." इतक्या बारकाईने माझ्या कामात आजवर कुणी लक्ष घातलं नव्हतं.

परत आलो तेव्हा आकाशात गड्डा तयार होता.

कुरकुर केली की ती मोने या फ्रेंच चित्रकाराचं नाव घेते. तो १८८३ साली जिवर्नी या खेड्यात राहायला गेला, बाग फुलवली, तळं केलं आणि वर कमळांची सुमारे अडीचशे चित्रं काढली, हे तिला मीच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. त्याच्या पदरी माळी होते, हे सांगायचं राहिलं. आता सांगतो, तर तिला ऐकू येत नाही.

तीन भोपळे धरले. शाळेत भोपळा मिळायचा तो गणितात. चित्रकलेत पहिल्यांदाच मिळाला.

परवा एक पाहुणे आले. भिंतीवरच्या माझ्या अकरा चित्रांसमोरून ते चप्पल शोधत असल्यासारखे खाली बघत गेले. अंगणात मात्र थबकले. वाकले, भोपळ्यावर बोटं वाजवली.

"वा! कुणी केलं हे?"

"यानेच," आई म्हणाली. "ब्रशने."