ती राजमुद्रा नाही, वज्री आहे

गेल्या रविवारी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका पथारीवर मला पितळेची मोराची मूर्ती मिळाली. तळाला बारीक आडव्या-उभ्या रेघा. उत्साहाच्या भरात मीच फोटो टाकून लिहिलं, 'पेशवेकालीन मुद्रा असावी.' आता तोच फोटो 'ठाण्यात सापडली शिवकालीन राजमुद्रा' म्हणून फिरतोय. 'असावी' कुठे गळलं, देव जाणे.

ती वज्री आहे. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची. आमच्या मावशीने हातात घेतली, हलवली, आतले खडे खुळखुळले, आणि म्हणाली, "अरे, ही तर न्हाणीघरातली!" तरी मी भिंग घेऊन बसलोच. मुद्रेवर अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणजे कागदावर ठसा सुलट उमटतो. इथे एकही अक्षर नाही, नुसती खरखरीत जाळी. तीही एका कडेला झिजून गुळगुळीत झालेली, आणि खाचांत साबणाचा पांढरा थर! शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी, तिच्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ने सुरू होणारा संस्कृत श्लोक. या मोराशी तिचा काडीचा संबंध नाही.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशा वज्र्या आहेत, शंका असेल त्यांनी जाऊन पाहाव्यात. वस्तू देखणी आहेच, मला ती तशीच आवडते.

माझी जुनी पोस्ट मी काढली आहे. तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका, त्याखाली हा खुलासा टाका. चूक माझ्यापासून सुरू झाली, त्यामुळे पाठवणाऱ्यांवर राग नाही.