चुना खरवडायला घेण्याआधी

'जुन्या घराच्या मालकांनो, सावध!' या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतोय. घर वारसा यादीत गेलं की मालकी नावापुरती उरते, आत खिळाही ठोकता येत नाही, तेव्हा नोटीस यायच्या आत चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करून घ्या आणि खिडक्या बदलून टाका, असं त्यात म्हटलंय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण आत्याने तो वाचून गवंड्याला निरोपही धाडलाय.

मालकी कुठेही जात नाही. विकणं, भाड्याने देणं, वारसांना देणं मालकाच्याच हातात राहतं. परवानगी लागते ती बदलांना. न्यूयॉर्कच्या वारसा यादीतल्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर बांधू दिला नाही म्हणून मालक कंपनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1978 साली 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला: ही मालमत्ता हिरावणं नव्हे, कारण स्थानक पूर्वीसारखं चालवून वाजवी उत्पन्न मिळतंच आहे, आणि वर न वापरलेला बांधकाम हक्क शेजारच्या इतर जागांवर नेता येतो. मात्र याच निकालामुळे कंपनीला भरपाई मिळाली नाही, हेही खरं. मालकी नावापुरती उरते ही संदेशातली कुरकुर अगदीच पोकळ नाही. नकाशे, तज्ज्ञाची फी, परवानगीची वाट बघणं, हा भार मालकावरच पडतो.

'खिळाही नाही' हे कोणत्या यादीबद्दल? अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलं तरी खाजगी मालक स्वतःच्या पैशाने काम करत असेल तर त्या नोंदीमुळे त्याला कुणी अडवत नाही. बंधन येतं ते स्थानिक कायद्याने. मुंबईच्या 1995च्या नियमांत श्रेणी एकला कडक बंधनं होती, तर श्रेणी तीनमध्ये आतले-बाहेरचे बदल साधारणपणे चालत. इंग्लंडमध्ये मात्र संरक्षण घराच्या आतल्या भागालाही असतं आणि विनापरवानगी बदल हा गुन्हा ठरतो. तेव्हा कोणती यादी, कोणती श्रेणी, कोणता भाग, हे आधी लेखी विचारून घ्या.

खिडक्यांचं थोडक्यात: फटींना पट्टी लावा, कुजलेला तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड सांधा, आतून जादा काच बसवा. बहुतेकांचं काम एवढ्यात भागतं.

आता सिमेंट. संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे, कारण नोटीस येवो न येवो, भिंत मात्र हमखास जाते. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतून ओल ओढते आणि दरजांतून (विटांमधल्या सांध्यांतून), गिलाव्यातून ती बाहेर सोडते. त्यावर सिमेंट थापलं की ही वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात, लोणा धरतो आणि विटेच्या तोंडाचे पोपडे सुटतात. भिंत उन्हाने थोडी हलते, ताठर सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. त्याला केसासारख्या भेगा जातात, त्यातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. भिंतीत घुसलेली तुळईची टोकं अशी कुजतात की छत झुकेपर्यंत पत्ता लागत नाही. आणि बाहेरून भिंत गुळगुळीत, मजबूत!

हे फक्त माझं मत नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची दरजा भरण्यावरची पुस्तिका स्पष्ट सांगते की नवा मसाला (दरजांत भरायचं मिश्रण) विटेपेक्षा मऊ हवा आणि वाफ जास्त सोडणारा हवा. झिजायचं असेल तर मसाल्याने झिजावं. तो पुन्हा भरता येतो, वीट नाही.

दुरुस्ती करायचीच तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: फुटकी पन्हळ, पन्हळीचा तुंबलेला नळ, भिंतीलगत चढवलेली माती. मग सुटलेला मसाला छिन्नीने, हाताने काढा. ग्राइंडर लावू नका. पातं घसरलं की विटेची कड गेली. दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल मोकळी करा. धूळ झाडून भिंत ओली करा, पण पाणी साचू देऊ नका. मसाला साधारण एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. जुन्या मसाल्याशी ताडून प्रमाण ठरवा. एका वेळी सुमारे 6 मिलिमीटरचा थर, अंगठ्याचा ठसा उमटण्याइतपत घट्ट झाला की पुढचा. ऊन लागू देऊ नका, काही दिवस ओलं गोणपाट ठेवा. घाई केली तर चुना वाळतो, धरत नाही, आणि मग 'चुना कुचकामी' म्हणून बोंब होते.

सिमेंट आधीच लागलं असेल तर सगळं उचकटत सुटू नका. कोपऱ्यात हातभर जागा मोकळी करून बघा. विटेचं तोंड सिमेंटला चिकटून निघत असेल तर तिथेच थांबा. बाकीचं आपणहून सुटेल तसतसं काढा, आणि तुळईची टोकं मात्र लगेच उघडून तपासा.